सहायक प्रशिक्षक, महाविद्यालयीन टेनिस

अमेरिकेतील विद्यापीठांच्या टेनिस संघात मुख्य प्रशिक्षकाच्या जोडीने सराव, सामन्यातील मार्गदर्शन व खेळाडूभरती सांभाळणारे पद. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर महिला संघ वाढले आणि प्रशिक्षकांची गरजही वाढली (पहा : एनसीएए). एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या प्रथम श्रेणीतील बिनपगारी ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ हा वर्ग २०२३ मध्ये रद्द झाला.

हे पद मुख्य प्रशिक्षकपदाची केवळ पायरी मानले जाते. सामन्याची रचना मात्र वेगळे सांगते. दुहेरीच्या तीन लढतींतून एक गुण आणि एकेरीच्या सहा लढतींतून सहा. चार गुण मिळवणारा संघ विजयी (पहा : टेनिस). सहा कोर्टांवर एकाच वेळी खेळ चालू असताना एक माणूस सगळीकडे पुरत नाही. ४०-४० नंतर एकाच गुणावर गेम ठरतो. त्यामुळे बाजूबदलाच्या वेळी खुर्चीशेजारी वाकून ‘सर्व्हिस बॅकहँडवर टाक’ एवढे सांगणेही निर्णायक ठरू शकते, आणि निम्म्या कोर्टांवर ते सहायकच सांगतो. संघक्रम व खर्चाचा अखेरचा शब्द मुख्य प्रशिक्षकाचा, हा आक्षेप खरा आहे. पण अधिकार कमी म्हणून कौशल्य दुय्यम ठरत नाही. परदेशी खेळाडूंचा शोध, पालकांशी बोलणी, प्रवेशाची कागदपत्रे यांचा मोठा भार सहायकावर असतो. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ व २००८ चे एनसीएए एकेरी विजेतेपद मिळवणारा सोमदेव देववर्मन (पहा) भारतीय होता, यावरून अशा भरतीचे मोल कळते. अनुभवी सहायकांना काही विद्यापीठे ‘सहयोगी मुख्य प्रशिक्षक’ हे पदनाम देतात.