चार नावे, एक नहर

वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर येथे मुक्काम करणारा प्रवासी बिबीचा मकबरा पाहतो, ताजमहालाशी त्याची तुलना करतो आणि पुढच्या वाटेला लागतो. या नगराला ज्या वास्तूने जगविले, ती मात्र त्याच्या पायाखालीच असते आणि कोणी दाखविल्यावाचून ती दिसत नाही.

मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. धन्यामागून धनी बदलत तो दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले. १६१६ मध्ये मोगल फौजेने ते उद्ध्वस्त केले. अंबरने ते पुन्हा उभारले. उद्याची शाश्वती नसलेल्या या नगरासाठी त्याने जे पाणी आणले, ते मात्र पिढ्यानपिढ्या पुरेल असे होते.

उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर गावात न्यावयाचे, ही नहर-ए-अंबरीची युक्ती. मोट नको, बैल नकोत. हवा खेळावी, गाळ काढता यावा, म्हणून ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली.

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याचा पुत्र फतेहखान याने खडकीचे फतेहनगर केले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि गाव औरंगाबाद झाले. ज्याने जन्मभर मोगलांशी झुंज घेतली, त्याचेच पाणी मोगलांचे नगर प्याले! २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे त्याचे अधिकृत नाव आहे. नावे चार झाली. नहर अंबरच्याच नावाची राहिली.

पुढे तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या. खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीस दुरून खापरी नळांनी पाणी येई. ते उंच भिंतीवरून हौदात पडे, त्याच्या जोराने जाते फिरे आणि फकिरांसाठी दळण निघे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. त्यामुळे तेथे उन्हाळ्यातही गारवा असतो.

आज शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. लाखोंच्या वस्तीला जुनी नहर पुरणार नाही, हे उघड आहे. पण तिच्यावर घरे चढावीत, विवरे बुजावीत, भिंती ढासळाव्यात आणि कोणाला त्याची खंतही वाटू नये, हे मात्र शोभत नाही. मकबरा राखावयाचा तो एका बेगमेच्या स्मृतीसाठी. नहर राखावयाची ती साऱ्या गावाची तहान ज्याने ओळखली, त्याच्या स्मृतीसाठी. पाणचक्कीपाशी उभे राहणाऱ्याने एवढे तरी विचारावे, की हे पाणी येत होते कोठून?