बिऱ्हाड आणि कुत्रा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं कुटुंबवत्सल गृहस्थापुढें पूर्वी दोनच प्रश्न असत : जावयाचें कोठें, आणि घराची किल्ली ठेवावयाची कोणापाशीं. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे व तो पहिल्या दोहोंहून अधिक बिकट आहे. घरांतल्या कुत्र्याचें काय करावयाचें ? शेजाऱ्यांकडे ठेवावा तर तो अन्न टाकतो. पैसे घेऊन कुत्रे सांभाळणारांकडे द्यावा तर मुलें रडतात. आणि बरोबर न्यावा तर पुष्कळशीं उतरण्याचीं ठिकाणें दारांतूनच हात जोडतात. वडीलधाऱ्या मंडळींना हा सगळाच घोळ पसंत नसतो. 'कुत्र्याला कसला हवापालट ? हीं साहेबाचीं थेरें !' असें म्हणून तीं मोकळीं होतात. हें मत निदान इतिहासाच्या दृष्टीनें तरी आम्हांस खरें वाटत नाहीं. कुत्र्यास बरोबर घेऊन आमच्या लोकांनीं केलेला प्रवास साहेब येथें येण्याच्या फार पूर्वींपासूनचा आहे. मात्र तो कोणीं केला व कशासाठीं केला हें पाहिलें म्हणजे आपल्या सुटीच्या प्रवासाकडेही थोडें निराळ्या नजरेनें पाहावें लागतें.

आरंभ महाभारतापासून करणें भाग आहे. महाप्रस्थानिक पर्वांत हस्तिनापूर सोडून निघालेल्यांची गणती सात अशी आहे. पांच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा. वाटेंत एकेक जण पडत गेला व अखेर युधिष्ठिर आणि कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, तो कुत्र्यास रथांत घेईना; आणि कुत्र्यावांचून युधिष्ठिर रथांत पाऊल ठेवीना. पुढें तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्मच होता असा उलगडा होतो, व पुराणिकबोवा त्या उलगड्यावरच रंगतात. आम्हांस त्याच्या आधींची घासाघीस अधिक मोलाची वाटते. कुत्रे बाळगणारांस स्वर्गांत जागा नाहीं, हा इंद्राचा मुद्दा. आणि हीच भाषा आज आगगाडीच्या कचेरींत थोड्या कमी भारदस्तपणें ऐकावयास मिळते. दोन गोष्टी येथें टिपून ठेवण्यासारख्या आहेत. कुत्रा बरोबर निघाला तो पांडवांचें घर कायमचें सुटलें त्या दिवशीं. आणि त्याची अडवणूक झाली ती पायीं चालतांना नव्हे, दुसऱ्याचें वाहन पुढें येऊन उभें राहिलें तेव्हां.

आमच्या देवांकडे पाहिलें तरी हाच प्रकार. ज्यांचा संसार एका जागीं मांडलेला आहे अशा देवांपाशीं कुत्रा सहसा आढळत नाहीं. तो आढळतो तो हिंडणाऱ्या देवांपाशीं. दत्तात्रेयांचें स्नान काशीस, भिक्षा कोल्हापुरास व निद्रा माहुरास. त्यांच्या पायांशीं चार कुत्रे. ते चार वेद होत असें पंडित सांगतात, आणि आम्ही तें नाकारीत नाहीं; पण एवढी मुशाफिरी करणाराच्या मागें कुत्रे असावेत हें चित्रकाराला वेदांचें स्मरण न होतांही सुचलें असतें. खंडोबाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याची एक बायको म्हाळसा घरची, दुसरी बाणाई धनगरांची. तो घोड्यावर बसून रानांत शिकारीस जातो आणि कुत्रा त्याच्याबरोबर धांवतो. जेजुरीचे वाघ्ये कोटंब्यांतून खातात, देवापुढें भुंकतात, म्हणजे स्वतःच देवाचे कुत्रे होतात. वाटचालीच्या देवाचा भक्त होणें म्हणजे त्याच्या मागें चालणारा होणें, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों.

आतां कागदोपत्रींच्या इतिहासाकडे वळूं. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ वाद झाला. त्या कथेस समकालीन पुरावा नसल्यामुळें आम्ही ती येथें घेत नाहीं. सातारच्या शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची गोष्ट मात्र ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत दिली आहे. वाघाच्या शिकारींत या कुत्र्यानें महाराजांचे प्राण वांचविले. महाराजांनीं त्यास रीतसर सनदेनें जहागीर दिली व पालखीचा मान दिला. पालखीचा सरंजामही खरोखरीच ठेवला होता असें डफ सांगतो. एके प्रसंगीं तर महाराजांनीं त्यास जरीचा पोशाख व जवाहीर घालून आपली पगडीही त्याच्याच मस्तकावर ठेविली. डफसाहेबास हें सर्व राजाच्या बुद्धीच्या दुबळेपणाचें लक्षण वाटलें. लोकांस तसें वाटलें नसावें. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस शाहूंच्या समाधीजवळ या कुत्र्याचेंही स्मारक आहे व लोक त्याचें नांव खंड्या असें सांगतात.

पालखी हें प्रवासाचें वाहन, दरबारांतलें आसन नव्हे, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. शाहू महाराजांचें बालपण व तारुण्य, १६८९ पासून १७०७ पर्यंत, औरंगजेबाच्या छावणींत गेलें. ती छावणी म्हणजे चालतें शहर : जनाना, कचेऱ्या, बाजार, हत्ती, सर्व कांहीं बरोबर. अशा हलत्या घरांत वाढलेल्या पुरुषास आपला कुत्राही आपल्याबरोबर निघावा असें वाटलें तर त्यांत नवल तें काय ? हा आमचा तर्क आहे. वाचकांनीं तो तर्क म्हणूनच घ्यावा.

पण राजेरजवाड्यांची गोष्ट कितीही रंजक असली तरी ती अपवादाची. कुटुंबानें कुत्र्यासह केलेल्या प्रवासाची खरी परंपरा महाराष्ट्रांत धनगरांनीं सांभाळली आहे. माण, खटाव, फलटण या बाजूंचे मेंढपाळ पाऊसकाळ संपला कीं वाडा घेऊन निघतात. वाडा म्हणजे घरें नव्हेत, चालणारीं कुटुंबें. कांहीं वाडे पठारावरून फिरतात, कांहीं घाट उतरून कोंकणांत जातात व मृगाच्या आधीं परत फिरतात, कारण कोंकणचा पाऊस मेंढरांस सोसत नाहीं. घोड्यांच्या पाठीवर भांडीं, अंथरुणें, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, कोंबड्या आणि कधीं कधीं तान्हीं मुलेंही असतात. बायका घोडे हांकतात, पुरुष मेंढरांमागें असतात, आणि कुत्रे कळपाच्या कडेनें चालतात. मुक्कामीं शेतांत वाघर लावून मेंढरें कोंडावयाचीं. शेतकऱ्यास लेंड्यांचें खत मिळतें, धनगरास त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. वाघरीच्या बाहेर रात्रभर जागा असतो तो कुत्रा. लांडग्याची चाहूल माणसाच्या आधीं त्यास लागते. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा या देवतांचा शोध घेत याच लोकांबरोबर हिंडलेल्या गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितांनीं या फिरत्या जीवनाविषयीं जें लिहून ठेवलें आहे तें आमच्या घरबशा विद्वानांनीं अवश्य वाचावें. धनगराच्या घरांत 'कुत्र्याला न्यावयाचें कीं नाहीं' हा प्रश्न कधींच निघत नाहीं. ठेवावयाचा तर कोठें ? मागें घर उरलेलेंच नसतें.

आतां साहेब. मॅल्कम गव्हर्नरानें १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसविलें. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें १८५० सालीं माथेरान शोधून काढलें. उन्हाळ्यांत सरकारच डोंगरावर जाई, व सरकाराबरोबर मडम, मुलें, खानसामा व कुत्रेही जात. म्हणजे साहेबाचाही हवापालट बिऱ्हाड हलविण्याचाच प्रकार होता. गंमत अशी कीं, हाच साहेब स्वदेशीं निघाला कीं त्याचा कुत्रा बहुधा येथेंच राही. कारण पिसाळ रोगाच्या भयानें विलायतेंत परदेशच्या कुत्र्यास सहा महिने विलग कोंडून ठेवण्याचा नियम होता व तो २००० सालीं सैल होईपर्यंत विसाव्या शतकभर चालला.

आमच्या मध्यम वर्गानें साहेबापासून सुटी घेतली, डोंगर घेतला, चहा घेतला. कुत्रा मात्र घेतला नाहीं. याचें कारण निर्दयपणा नव्हे. आमचा कुत्रा घरचा नव्हता, दारचा होता. आळींतल्या चार घरांचे तुकडे खावेत, चारी घरांची राखण करावी, आणि एक घर सुटीस गेलें तर उरलेल्या तिहींवर निर्वाह करावा. अशा कुत्र्यास मागें ठेवणें म्हणजे टाकणें नव्हेच. कायद्याला मात्र ही दारची नाती कळली नाहीं. मुंबईंत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा व दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षिसाचा कंपनी सरकारचा हुकूम होता. जून १८३२ मध्यें त्यावरून पारशी मंडळींनीं पुढाकार घेऊन दंगा केला व शहराचा व्यवहार बंद पाडला. आठ आण्यांच्या लोभानें शिपाई दारच्या कुत्र्यांवरही हात टाकीत, हें त्या रागाचें एक कारण. मालक दाखवा, नाहीं तर कुत्रा बेवारशी, ही विभागणी तेव्हांपासूनची.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली व प्रवास सर्वांस खुला झाला. कुत्र्यास तो खुला झाला नाहीं. आजही नियम असा आहे कीं, पहिल्या वर्गाचा दोन अगर चार जागांचा खण सबंध आपल्या नांवावर असेल तरच कुत्रा आपल्याजवळ बसूं शकतो. एरवीं त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पेटींत. त्याच्या अन्नपाण्याची जबाबदारी धन्यावरच असते. पायीं चालणाऱ्या धनगराचा कुत्रा शेकडों कोस बरोबर येतो, आणि तिकीट काढणाऱ्या कारकुनाचा कुत्रा ठाण्यापलीकडे जात नाहीं, याचें कारण प्रेमाच्या कमीअधिकपणांत शोधूं नये. वाहन परक्याचें झालें, एवढेंच.

पुढें दोन गोष्टी एकदमच घडल्या. वाडे व चाळी जाऊन सदनिका आल्या, तेव्हां दार गेलें आणि दारचा कुत्राही गेला. जो राहिला तो चार भिंतींच्या आंतला, एकाच कुटुंबाचा. त्यास मागें ठेवणें हें आतां खरोखरच टाकणें झालें. आणि १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची लहान मोटार बाजारांत आल्यापासून मध्यम वर्गास हळूहळू स्वतःचें वाहन मिळालें. कुत्रा सुटीवर जाऊं लागला तो या दोहोंमुळें. साहेबाच्या अनुकरणाचा त्याशीं संबंध थोडा.

या नव्या प्रवासाचें एक ठिकाण म्हणजे पालघर जिल्ह्यांतील जव्हार. मुकणे राजांचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें. समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच, आगगाडी नाहीं, म्हणून मोटारीशिवाय तेथें सहकुटुंब जाणें अवघडच. पावसाळ्यांत मुंबई-नाशिकची मंडळी जयविलास राजवाडा, शिरपामाळ व दाभोसाचा धबधबा पाहावयास येतात, आणि मोटारीच्या खिडकींतून एखादें लांब कानांचें तोंड बाहेर डोकावतें. पण त्याच तालुक्यांतील जामसरसारख्या गांवांकडे वळलें म्हणजे दुसरा प्रवास दिसतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर अशीं पुष्कळ कुटुंबें भाताचें पीक निघालें, दिवाळी झाली, कीं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. तीं पावसाच्या तोंडावर परततात. शहरचें कुटुंब डोंगर चढतें तें विसाव्यासाठीं, डोंगरचें कुटुंब उतरतें तें पोटासाठीं.

धनगराप्रमाणेंच येथेंही सारें बिऱ्हाड हलतें. तरी एक मोठा भेद आहे, आणि आम्हांस तो सर्वांत अधिक बोचतो. धनगर आपल्या पायांनीं, आपल्या वेळीं निघतो. भट्टीवरचा मजूर उचल घेऊन, मुकादमाच्या ट्रकांत बसून जातो. त्या ट्रकांत भांडीं, धान्य, मुलें, कोंबड्या यांस जागा किती हें कुटुंबाचा कर्ता ठरवीत नाहीं. कुत्र्यास जागा मिळाली तर तो भट्टीवरच्या झोंपडीपुढें जाऊन बसावयाचा. न मिळाली तर गांवीं मागें राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगणांत दिवस काढावयाचा. युधिष्ठिरास निदान इंद्राशीं वाद घालतां आला.

जव्हारकडे कुत्रा घेऊन जाणारांसाठीं दोन शब्द अधिक लिहिले तर अस्थानीं होणार नाहीं. पिसाळ रोगाची लस पाश्चरनें १८८५ सालीं माणसास प्रथम टोंचली. हिंदुस्थानांत तिची सोय १९०० सालीं कसौलीस झाली, व कुत्रा चावलेल्या मुंबई इलाख्याच्या माणसास आरंभीं पार पंजाबच्या डोंगरापर्यंत प्रवास करावा लागे. आतां ही लस जागोजागच्या सरकारी आरोग्य केंद्रांत मिळते. तरी पाहुण्यानें आपल्या कुत्र्यास ती आधींच टोंचून न्यावा, कारण गांवच्या कुत्र्यांची झटापट टळत नाहीं. उलट बाजूही आहे. शहरी कुत्र्याचे रोग रानांत शिरतात. १९९४ सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या रानांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगानें सुमारें तृतीयांश सिंह गेले, व २०१८ सालीं गीरच्या सिंहांतही तोच रोग आढळला. आणि हा मुलूख वाघोबाचा. अश्विन वद्य द्वादशीस येथील लोक वाघबारस पाळतात, त्या देवास नारळ देतात, तें उगीच नव्हे. बिबट्या या रानांत आहे, व कुत्रा हें त्याचें आवडतें भक्ष्य. मुक्काम खेड्यांत असेल तर दिवे लागल्यानंतर कुत्रा अंगणांत सांखळीनें बांधून ठेवूं नये; त्यास दाराच्या आंत घ्यावें व कडी लावावी.