रेवड्यांवरची कुस्ती आणि फुटबॉलचं मैदान

मुलाच्या खेळात आईबापांनी कुठवर लक्ष घालावं, हा प्रश्न फुटबॉलच्या अकादम्यांबरोबर आला असं वाटतं. खेड्यांनी त्याचं उत्तर तालमीत केव्हाच शोधलं होतं. घरानं खुराक द्यायचा, वस्तादानं डाव शिकवायचे. पहाटे पोराला उठवणं, दूध-तूप-बदामाची सोय लावणं हे घरचं काम. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत पोरगं उतरलं की शब्द वस्तादाचा. जत्रेतही आधी लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत. जिंकला तर मूठभर रेवड्या, हरला तर पाठीला माती. इनामाच्या कुस्त्या अंग भरल्यावर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. दहा वर्षांच्या पोराच्या हरण्या-जिंकण्यावर घराची अब्रू टांगू नये, हे त्यात न बोलता आलं आहे.

कुस्तीची रीत फुटबॉलला कशी लागू पडेल, असं कुणी विचारेल. कोल्हापूरकडे पाहावं. तिथे शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावंच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत. त्याच शहरातल्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकला आणि 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कुस्तीतही तेच: पहिलवान खाशाबा जाधवांना पहिले धडे वडिलांनीच दिले; पण 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पोर घडवायला एकटं घर पुरत नाही.

खरा आक्षेप पुणतांब्यासारख्या गावातून येतो: वेळ कुणाला आहे, पैसा कुठे आहे? मैदानावर जायची वेळ आणि धार काढून डेअरीला दूध घालायची वेळ एकच. ज्या वर्षी विश्वचषक भारतात झाला, त्याच वर्षी 1 जूनला या गावानं पुकारलेला शेतकरी संप राज्यभर पेटला आणि दूध रस्त्यावर ओतलं गेलं. दुधाला भाव नसेल तर जास्तीत जास्त दूध विकावं लागतं आणि पोराच्या पेल्यात कमी उरतं. म्हणून पालकांना नुसता उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. तरीही ज्याला पैसे पडत नाहीत, ते उरतंच: सामन्यानंतर ‘गोल किती केलेस?’ याआधी ‘भूक लागली का?’ विचारणं, आणि रेषेबाहेरून डाव न सांगणं.

तालमीचं गुणगान करताना तिचा दोषही लपवू नये. कडक बाप आणि वस्ताद यांच्या धाकात पोरं कोमेजलीही असतील. आणि मुलींना तर तिचं दार बंदच होतं. पुणतांब्याला याची लाज जास्त वाटावी, कारण इथे चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षांचा म्हणवला जाणारा हा योगी कोवळ्या मुक्ताईचा शिष्य झाला, अशी परंपरा सांगते. लहानाकडून, तेही मुलीकडून, शिकण्यात कमीपणा नाही हे या गावाला कुणी बाहेरून सांगायला नको. फुटबॉलला तालमीचा उंबरठा नाही. शाळेच्या पटांगणात मुलगीही उतरू शकते. तिला लागतं ते इतकंच, की संध्याकाळी सराव लांबला तर घरातलं कुणीतरी सायकल घेऊन फाटकाशी उभं असावं.