सराटा, मधुमेह व वृक्क
केडगांवाकडील माळावर उगवणारा सराटा हाच वैद्यकग्रंथांतील गोक्षुर होय. जुन्या बाडांत प्रमेहावर तो आढळला, कीं ‘मधुमेहांत वृक्करक्षक’ अशी टीप जोडण्याचा मोह संग्राहकांस होतो. आम्हांस ती मान्य नाहीं. चरकानें वीस प्रमेहांत मधुमेह वातज मानिला. परंतु त्याच्या मतें वृक्क हें मेदोवह स्रोतसांचें मूळ, मूत्रवहांचें मूळ बस्ति व वंक्षण. मधुमेहजन्य वृक्कविकृति किमेलस्टील व विल्सन यांनीं १९३६ सालीं वर्णिली. तें ज्ञान जुन्या लेखकाच्या पदरीं बांधूं नये. शिवाय अशा टिपेवर विसंबून रोगी काढा घेईल. वनस्पति म्हणजे निरुपद्रवी नव्हे. वनौषधींनींच वृक्क निकामी झाल्याचें बेल्जियममधील डॉक्टरांनीं १९९३ सालीं नोंदविलें. सबब पाठ जसाचा तसा छापावा. चिकित्सा वैद्यांवर सोंपवावी.