तू आणि तुम्ही : ‘लोन वुल्फ’चे तीन खेळ

१९८७च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅम्पातल्या रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं, आत कुणीतरी पेन्सिलीने आकडे मांडलेले. हडपसरला परतणाऱ्या बसमध्ये ते उघडलं आणि गोंधळलो. पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटी म्हटलं होतं की उजवीकडची वाट धरायची असेल तर या क्रमांकाचा परिच्छेद वाचा, डावीकडची धरायची असेल तर त्या. पुस्तक क्रमाने वाचायचंच नव्हतं.

ते होतं जो डेव्हर यांचं ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’, ‘लोन वुल्फ’ मालिकेतलं पहिलं, १९८४चं. चित्रं गॅरी चॉक यांची. ३५० तुकडे, आणि वाचणारा स्वतःच नायक. एका योद्धा-पंथाच्या मठावर सणाच्या दिवशी हल्ला होतो, जमलेले सगळे मारले जातात. वर्गात लक्ष नव्हतं म्हणून शिक्षा झालेला एक पोरगा तेवढा रानात लाकडं गोळा करत असल्यामुळे वाचतो. तो तुम्ही. दहा विद्यांपैकी पाच निवडायच्या आणि राजाला बातमी द्यायला निघायचं. फासा लागत नाही. मागच्या पानावर ० ते ९ आकड्यांचा तक्ता असतो. डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची, येईल तो आकडा आपला. मोक्षपटात दान पडेल तिथे जावं लागतं, खेळणाऱ्याला निवड नसते. इथे दानही आहे आणि निवडही.

या पंथाचं नाव मराठी कानाला चक्क ‘काय’ असं ऐकू येतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. ‘काय मठ’ म्हटलं की तो विचारायचा, ‘‘काय?’’ मी म्हणायचो, ‘‘काय!’’ यावर आम्ही अर्धा तास हसलो आहोत.

त्याचं इंग्रजी कच्चं होतं, म्हणून मी वाचताना तोंडी मराठी करत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यावरच त्याने अडवलं. ‘‘दादा, ‘तू पुढे जातोस’ म्हणजे कोण? तू की मी?’’ मी म्हटलं, आपण दोघं. तर म्हणाला, ‘‘मग ‘तुम्ही’ म्हण.’’ ‘तुम्ही’ म्हटल्यावर रानात एकदम दोन पोरगे झाले, आणि पुस्तकात तर एकच वाचलेला होता.

इंग्रजीत ही अडचण दिसत नाही. त्यांचं एकच सर्वनाम एकालाही चालतं आणि पाचांनाही. गेमबुकांचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे. म्हणूनच एकट्याचं पुस्तक टेबलाभोवतीच्या मंडळींसाठी बदलताना नेमकं काय बदलतं, हे इंग्रजी चर्चेत सहसा निसटतं. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला थांबावं लागतं.

आधी थोडा इतिहास. एक जण निवेदन करतो आणि बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात, असा रोल-प्लेइंगचा खेळ १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने अमेरिकेत छापून आला. एकट्याने खेळायची पुस्तकं त्याच झाडाची फांदी. ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ १९८२मध्ये आलं आणि लाट उसळली. दोनच वर्षांत जॅक्सन यांनी त्याच नियमांवर मंडळींसाठीचं छोटं पुस्तकही काढलं. डेव्हर तर मुळातच टेबलावरचे. त्यांनी आपलं काल्पनिक जग, मॅग्नमंड, १९७७च्या सुमारास मित्रांबरोबरच्या खेळासाठी रचलं होतं. म्हणजे टेबलावरून पुस्तकात आणि पुस्तकातून पुन्हा टेबलावर असा हा प्रवास. परतीचे तीन ठळक टप्पे आहेत, आणि माझ्या मते ते एकाच प्रश्नाशी झुंजतात : ज्या नायकाचं नावच ‘एकटा लांडगा’, त्याच्या शेजारी आणखी चौघांना बसवायचं कुठे?

पहिलं उत्तर २००४चं, मंगूज पब्लिशिंगचं. त्या काळी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे वीस बाजूंच्या फाशावर चालणारे नियम इतरांना वापरायला खुले होते, मंगूजने मॅग्नमंड त्यांत बसवलं. काळ निवडला मठ पडण्याच्या आधीचा. मठ शाबूत, तेव्हा ‘काय’ योद्धे हवे तेवढे, शिवाय क्रिस्टल स्टार पंथाचे मांत्रिक, बोर देशाचे बंदूकधारी बुटके. अडचण सुटली, पण गोष्ट सुरूच होते ती ज्या प्रसंगाने, तोच अजून घडायचा राहिला. नकाशा डेव्हरचा आहे, फासा दुसऱ्याचा. मूळ पुस्तक वाचलेल्या माणसाला ते परक्या घरात आपलं सामान पाहिल्यासारखं वाटतं.

२०१०मध्ये मंगूजनेच ‘लोन वुल्फ मल्टिप्लेअर गेम बुक’ काढलं आणि उलट टोक गाठलं. मूळ पुस्तकांचेच नियम, ० ते ९ आकडे, तीच विद्यांची यादी. खेळणारे सगळे ‘काय’. जुन्या वाचकाला शिकायला जवळजवळ काही नाही. पण डेव्हरचे लढाईचे नियम एकाविरुद्ध एक असेच बेतलेले आहेत : आपल्या बळातून शत्रूचं बळ वजा करायचं, आलेल्या फरकाचा रकाना शोधायचा, दोघांची हानी वाचायची. रात्री एकट्याने हे करण्यात चव आहे. चौघं एका राक्षसावर धावले की प्रत्येकाची वजाबाकी वेगळी, आणि टेबलाची कारकुनी होते. शब्दशः भाषांतर जसं कधीकधी वाचवत नाही, तसं.

तिसरं २०१५चं, क्युबिकल सेव्हन या तेव्हाच्या ब्रिटिश प्रकाशनाचं, ‘लोन वुल्फ अॅडव्हेंचर गेम’. हा खोका आहे, आणि त्याच्या आतच आकड्यांची जाळी छापलेली आहे. टोकन टाकायचं आणि ते जिथे पडेल तो आकडा घ्यायचा. डोळे मिटून टेकवलेली पेन्सिल पाच जणांना दिसेल अशी केली, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये फार समज आहे. नवशिक्यांसाठी मोजके नियम, सरावलेल्यांसाठी वरची पायरी. काळ मठ पुन्हा उभारल्यानंतरचा : एकटा वाचलेला पोरगा आता गुरू झाला आहे आणि खेळणारे त्याचे शिष्य. ‘तू’ कुठे गेला, तर गादीवर बसला. समोर बसले ते ‘तुम्ही’. कथेच्या अंगाने याहून सरळ वाट मला दिसत नाही.

तरीही एक गोष्ट तिन्ही खेळांत नाही, ती म्हणजे पानातलं बोट. भाऊ निवड करताना आधीच्या पानात बोट अडकवून ठेवायचा. पुढे मरण दिसलं की गुपचूप मागे. कधीकधी तीन बोटं तीन पानांत असत. ही लबाडी म्हणा, पण गेमबुकाचं अर्धं सुख तिथेच होतं, आणि छापलेलं पुस्तक ती मुकाट्याने सोसत असे. टेबलावर चार साक्षीदार असतात. उलट निवेदकाला दया येऊ शकते, छापलेल्या तुकड्याला येत नाही. नियमांच्या तुलना मी पुष्कळ वाचल्या, या देवघेवीचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

डेव्हर यांनी १९९९मध्ये ही पुस्तकं ‘प्रोजेक्ट एऑन’मार्फत इंटरनेटवर विनामूल्य देण्याची परवानगी दिली. पुढचे भाग मी तिथेच वाचले, पण क्लिक करताना बोट ठेवायला पान नसतं. डेव्हर २०१६च्या नोव्हेंबरात गेले.

ही बातमी मी भावाला फोनवर सांगितली. आमच्यात त्याआधी तीन-चार वर्षं वडिलांच्या घरावरून बोलणं जवळजवळ बंद होतं. तो म्हणाला, ‘‘काय?’’ आणि मी सवयीने म्हणालो, ‘‘काय.’’

पुढच्या दिवाळीत तो मुलांना घेऊन हडपसरला आला. आमच्या घरामागे तेव्हा उसाची शेतं होती, आता इमारती आहेत. एका परिचिताने इंग्लंडहून आणलेला २०१५चा खोका मी जेवणाच्या टेबलावर मांडला. निवेदक मी, समोर भाऊ, त्याची दोन मुलं आणि माझी मुलगी. मी सुरुवात केली, ‘‘तुम्ही रानाच्या कडेला उभे आहात...’’ भावाने हात वर केला. ‘‘दादा, ‘तू’ म्हण.’’

चौघांना ‘तू’ म्हणायचं तर एकेकाकडे वळूनच बोलावं लागतं. तसंच केलं. खेळ दुप्पट लांबला आणि जेवायला साडेअकरा वाजले.