सागरतीरीचे स्मारक

मोटारीने निघावे, लॉर्न किंवा अपोलो बे येथील पुळणीवर समुद्रस्नान करावे, रात्री किनाऱ्यालगत तंबू ठोकावा, असा ऑस्ट्रेलियातील ‘ग्रेट ओशन रोड’वरच्या प्रवाशांचा परिपाठ आहे. परंतु श्रोतेहो, याच किनाऱ्यावर एके काळी ठोकलेले तंबू सहलीचे नव्हते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तंबूंत राहून, कुदळ, फावडी व सुरुंग यांच्या बळावर कडे फोडून हा मार्ग काढला. परतलेल्यांना त्यामुळे काम मिळाले आणि रणांगणी राहिलेल्यांना स्मारक. आरंभीचा पथकर १९३६ मध्ये उठला. ऋण मात्र उरले. इतर स्मारकांपुढे माणूस थांबतो. हे स्मारक धावत्या चाकांखाली आहे. ईस्टर्न व्ह्यू येथील कमान प्रवाशाला त्याचीच आठवण देते.