अनोळखी कारागिराची पारख

धनुष्याचा विषय निघाला की आपल्या मंडळींस रामायण-महाभारत आठवते, फार तर जुन्या लघुचित्रांतील तिरंदाज. परंतु या प्राचीन शस्त्राच्या रचनेत एक मूलगामी पालट अगदी अलीकडे, म्हणजे १९६६ साली झाला, आणि तो एका अप्रसिद्ध गृहस्थाने केला. अमेरिकेतील मिसूरी राज्याचे हॉलेस विल्बर ॲलन यांनी त्या वर्षी कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपल्या घरांतील मुले जे धनुष्य मागतात, ते बहुधा याच जातीचे असते. ते कोणत्या कारखान्याचे घ्यावे, आणि नाव कधी न ऐकलेल्या कारखान्याचे घ्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ॲलन यांची हकीकत आम्हांस फार उपयोगी पडली.

प्रथम एक घोटाळा दूर करू. लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू एकत्र चिकटवून केलेले आशियाई धनुष्य हे संमिश्र धनुष्य; त्याची परंपरा अतिप्राचीन आहे. कंपाउंड धनुष्य निराळे. साध्या धनुष्यात दोरी जसजशी मागे ओढावी तसतसा ताण वाढत जातो, आणि नेम धरण्याच्या क्षणी तो सर्वाधिक असतो. ॲलन यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांस कप्प्या बसवल्या, आणि त्यांचा आस मध्यावर न ठेवता एका बाजूस ठेवला. त्यामुळे दोरी पुरती ओढली जाता जाता कप्पी अशी फिरते की हातावरचा भार एकदम हलका होतो. आजच्या साठ पौंडांच्या धनुष्यात ही घट पाऊणपट धरली, तर नेम धरताना बोटांवर केवळ पंधरा पौंड उरतात. हात थरथरत नाही. नेम स्थिर राहतो.

ही युक्ती घेऊन ॲलन यांनी निरनिराळ्या धनुष्य-उत्पादकांशी संपर्क साधला, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. कप्प्या आणि तारा लावलेले ते विचित्र यंत्र पाहून अनेकांस ते धनुष्यच वाटले नसावे. लक्ष दिले ते टॉम जेनिंग्ज यांनी. ते स्वतः धनुष्ये बनवीत, आणि ‘आर्चरी वर्ल्ड’ या मासिकासाठी धनुष्यांची तांत्रिक परीक्षा करीत. त्यांनी करणाऱ्याचे नाव न पाहता केलेली वस्तू पाहिली. पुढे ॲलन यांच्याकडून परवाना घेऊन कंपाउंड धनुष्य विक्रीसाठी बनवणारे पहिले उत्पादक तेच ठरले. पेटंट मंजूर झाले ते १९६९ च्या डिसेंबरात.

यापुढचा भाग आमच्यासारख्या फायली वाचण्यात आयुष्य गेलेल्यांस अधिक रोचक वाटेल. धनुष्य खपू लागले तसे पेटंटावरून वाद सुरू झाले, आणि ज्या जेनिंग्ज यांनी ॲलन यांस हात दिला, त्यांच्याच कंपनीशी कज्जा उभा राहिला. १९७९ साली ॲलन मोटार अपघातानंतर निवर्तले. पेटंट ग्राह्य असल्याचा निर्वाळा वरिष्ठ न्यायालयांनी दिला तो त्यांच्या पश्चात, १९८२ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये. जेनिंग्ज यांची कंपनीही कालांतराने बेअर या जुन्या कंपनीच्या पोटात गेली. एके काळी ज्या नावावर डोळे मिटून धनुष्य घेतले जाई, ते नाव आज नव्या खेळाडूंच्या कानांवरही नसते.

सरकारी खरेदीत निविदेला पूर्वानुभवाची अट असते. ती का असते हे आम्ही जाणतो. तीस-पस्तीस वर्षे आम्हीही ती लिहीत आलो. परंतु ती अट काटेकोर लावली असती तर ॲलन पहिल्याच छाननीत बाद झाले असते. उलट, अट नको म्हणून कोणाचीही वस्तू घ्यावी असेही नाही. कंपाउंड धनुष्य हे खेळणे नव्हे. बाण न लावता दोरी सोडली तर सारी शक्ती धनुष्यातच परतते. पाती तडकतात, तार उडते, डोळ्यास इजा होऊ शकते. म्हणून जेनिंग्ज यांनी केले तेच करावे: नाव बाजूस ठेवून वस्तू तपासावी.

आमच्या भाचीच्या मुलीसाठी धनुष्य घ्यावयाचे ठरले, तेव्हा एका अल्पपरिचित उत्पादकाचे धनुष्य बरेच स्वस्त मिळत होते. आम्ही त्यांस चार प्रश्न लेखी विचारले. पहिला वेगाचा. जाहिरातीतील वेग सामान्यतः सत्तर पौंड ताण, तीस इंच ओढ आणि साडेतीनशे ग्रेनचा बाण धरून मोजतात. मुलीची ओढ सत्तावीस इंच, ताण चाळीस पौंड. ओढ एक इंचाने घटली की वेग सेकंदास सुमारे दहा फुटांनी कमी होतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेव्हा तिच्या मापाने वेग किती? दुसरा, बाण कमीत कमी किती वजनाचा चालेल? दर पौंडास पाच ग्रेन हा रूढ संकेत. त्याहून हलका बाण लावला तर हमी राहते काय? तिसरा, हमी कोणास? बहुतेक ठिकाणी ती मूळ खरेदीदारापुरतीच असते, आणि जुने धनुष्य घेणाऱ्यास हे उशिरा कळते. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: कॅम आणि पाती त्या-त्या नमुन्याचीच लागतात, ती मोडली तर किती दिवसांत मिळतील, आणि दोरी बदलण्यासाठी धनुष्य दाबून धरणारे यंत्र आपल्या गावात कोणाकडे आहे?

पहिल्या तिन्हींची उत्तरे सरळ आणि प्रामाणिक आली. चौथ्याचे उत्तर होते की सुटे भाग परदेशातून येतील, दोन-तीन महिने धरावेत. मुलीची निवड-चाचणी त्याआधी होती. आम्ही ते धनुष्य घेतले नाही. पण नकाराचे कारण कळवले, आणि नाव अपरिचित आहे हे ते कारण नव्हते, हेही लिहिले.

हा विषय आता मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड धनुष्यास १९९५ साली, आशियाई स्पर्धेत २०१४ साली प्रवेश मिळाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे २०२५ साली ठरले. आपल्या इंदूर-बेळगाव-बडोद्याच्या घरांतूनही मागणी वाढणार, आणि तिच्यामागे नवनवे उत्पादकही येणार. त्यांतले काही टिकतील, काही जातील. एखादा कदाचित उद्याचा ॲलनही असेल. त्यास दारातून परत पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे लेखी घ्यावीत.